धाकटी परत जाणार नाही

त्या उन्हाळ्यात मला जो भेटेल तो एकच सल्ला देत होता. जमत नसेल तर परत देऊन टाक. भाऊ फोनवर म्हणायचा, वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात अडवून म्हणायच्या, कॉलेजात माझ्या शेजारी डबा खाणारी बाई माझ्याच डब्यातलं लोणचं घेता घेता म्हणायची. मी जणू मापाची न निघालेली चप्पल आणली होती. मी आणलं होतं मांजर, तेही तीन पायांचं, आणि परत हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. त्याला कारण आहे. ते सांगतेच.

लोणी काळभोरच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळते. एका दुपारी कँटीनच्या मागे कुठल्याशा पोराची मोटारसायकल या मांजरीच्या पायावरून गेली. पोरगा थांबला नाही. चार जण जमले, हळहळले आणि 'गेली बिचारी' म्हणून आपापल्या लेक्चरला गेले. कँटीनच्या मावशी तेवढ्या खाली वाकून बघत होत्या. "मॅडम, जित्ती हाय ती. पोट हलतंय बघा." मी माझा पांढरा अ‍ॅप्रन काढला, तिला त्यात गुंडाळलं आणि रिक्षा केली. तिनं वाटेत मला दोनदा कडकडून चावून घेतलं. मला तिथेच ती आवडली.

मागचा एक पाय काढावा लागला. डॉक्टरांनी धायरीच्या एका मुलीचा नंबर दिला. ही मुलगी आयटी कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात रस्त्यावरची जखमी मांजरं सांभाळते. तिच्या बाल्कनीत पिंजऱ्यावर पिंजरे. टाके निघेपर्यंत मांजर तिच्याकडे राहिलं. मग मी बघायला गेले, तर ती सगळ्यात खालच्या पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. "आता पुढे काय?" मी विचारलं. "बघू ना काकू, कोणी अ‍ॅडॉप्ट केलं तर. पण तीन पाय म्हणजे डिफिकल्ट आहे. नाहीतर मग इथेच." काकू म्हटल्याचा राग मी मांजराकडे बघून गिळला. म्हटलं, मी नेते.

"पण तुमच्याकडे ऑलरेडी एक आहे ना?"

होतं. आमचं घर बिबवेवाडीत, पहिल्या मजल्यावर. बाहेरची खोली, आईची खोली आणि आतली खोली. आतली माझी, म्हणजे मी तिथे राहते म्हणून माझी. भाऊ बाणेरच्या मोठ्या फ्लॅटमध्ये गेला त्याला कित्येक वर्षं झाली, तरी आला की 'माझ्या खोलीतला पंखा वाजतोय' असंच म्हणतो. बाबा गेले त्या वर्षी आईनं पार्किंगमधून एक पिल्लू उचलून आणलं होतं. ते पुढे करड्या पट्ट्यांची चांगली गलेलठ्ठ मांजरी झालं. आईच्या पलंगावर तिची जागा, आईच्या बोटावरची साय तिची, आणि टीव्हीसमोरची खुर्चीही तिचीच. दुसरी आल्यापासून आम्ही हिला थोरली आणि तिला धाकटी म्हणायला लागलो. इथेही तेच म्हणते.

धायरीच्या मुलीनं मला सगळं नीट समजावून सांगितलं, वर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंही. पहिले काही दिवस दोघींनी एकमेकींना बघायचंसुद्धा नाही. नवीला वेगळ्या खोलीत ठेवायचं. हिच्याखालचं फडकं तिच्याकडे, तिच्याखालचं हिच्याकडे, म्हणजे आधी वासाची ओळख होते. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. मग दार किंचित उघडं. मग भेट. घाई केली की सगळं बिघडतं. "आणि नाहीच जमलं तर परत आणा काकू, नो प्रॉब्लेम." ती चांगल्या मनानं म्हणाली, म्हणून मी तिला काही बोलले नाही.

आईला दुसरं मांजर नको होतं. "एक आहे ना घरात?" एवढंच म्हणाली आणि नंतर त्या विषयावर तोंडच मिटून घेतलं. आमच्या आईचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं. मी मनावर घेतलं नाही. शनिवारी दुपारी धाकटीला धायरीहून उसन्या आणलेल्या जाळीच्या पेटीत घातलं आणि पेटी चादरीनं झाकून जिना चढले. ठरलेलं असं होतं की थोरली आईच्या खोलीत बंद असेल आणि मी पेटी घेऊन सरळ आतल्या खोलीत जाईन.

दारात आई उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

आमच्या घरात सकाळीच पोळ्या होतात, दुपारी तवा तापत नाही. तिनं मुद्दाम पीठ मळून एक भाकरी थापली होती. भाकरतुकडा ओवाळायला. नवी नवरी आली, बाळंतीण आली, कुणी दवाखान्यातून घरी आलं, की ओवाळून टाकल्याशिवाय आई उंबरा ओलांडू देत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मांजराला?

"दवाखान्यातून येतीय ना?" आई म्हणाली. "एक पाय ठेवून आलीय तिथे. तशीच कशी घ्यायची आत? ठेव ती पेटी खाली."

मी पेटी खाली ठेवली. चूक झाली ती तिथे. आईनं भाकरतुकडा ओवाळला, तोडून डावीकडे-उजवीकडे टाकला, तोपर्यंत ठीक होतं. मग ती म्हणाली, डोळ्यांना पाणी लावायचं राहिलं. मी 'आई, नको' म्हणेपर्यंत तिनं पेटीचं जाळीचं दार उघडलं होतं आणि ओली बोटं आत घातली होती.

चार पायांचं मांजर जेवढ्या जोरात सुटेल त्याच्या दुप्पट जोरानं धाकटी सुटली. आईच्या पायांतून घरात. आणि आईनं आपल्या खोलीचं दार नुसतं ओढून घेतलेलं, कडी न लावता. थोरलीला ते डोक्यानं ढकलायची सवय. अवेळी भाकरी भाजल्याचा वास आलेला, म्हणजे तूप निघणार या आशेनं ती बाहेर आली होती. चपलांच्या रॅकपाशी दोघी समोरासमोर धडकल्या. पुढचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला, असं तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नंतर आवर्जून सांगितलं. तांब्या आडवा, पाणी सगळीकडे. आई भिंतीला धरून कशीबशी उभी राहिली. धाकटी वॉशिंग मशीनच्या मागे गेली. थोरली माळ्यावर चढली आणि गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे दिसेनाशी झाली.

संध्याकाळी धाकटीला मी टॉवेलमध्ये धरून आतल्या खोलीत नेलं. थोरली खाली आली नाही. साय ठेवली, मासळी ठेवली, आईनं स्टुलावर चढायचा हट्ट केला तो मी होऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी ती आम्ही कुणी नसताना उतरून पाणी पिऊन गेली असावी. खाल्लं मात्र नाही. आई ताट समोर घेऊन बसायची आणि म्हणायची, "ती उपाशी आहे. मला घास उतरत नाही." माझ्याकडे न बघता म्हणायची.

हे सगळं आईनं भावाच्या कानावर घातलं. त्याचा फोन आला, मी स्पीकरवर ठेवला. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. आईचे गुडघे गेलेले. दोन मांजरं पायांत आली आणि ती पडली तर? तू दिवसभर लोणीला, करायचं आईनं. जुनं मांजर उपाशी मरतंय ते वेगळंच. शेवटी तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "तू ताण घेऊ नकोस. महिनाअखेरीस मी येतो आणि नेऊन पोहोचवतो तिला परत."

नेऊन पोहोचवतो. हे शब्द त्याच्या तोंडून मी आधी एकदा ऐकले होते. तेव्हा पोहोचवलं होतं मला.

लग्न होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. एका दुपारी मी बॅग भरून माहेरी आले. काय झालं ते इथे लिहीत नाही, तेव्हा मी सगळं सांगितलं होतं, आणि आईनं ऐकून घेतलं होतं. रात्री माझ्या आवडीची आमटी केली. मला वाटलं, सुटले. सकाळी भाऊ म्हणाला, तू ताण घेऊ नकोस, आम्ही नेऊन पोहोचवतो. आई आणि तो दोघंही रिक्षात माझ्या दोन बाजूंना बसले. हडपसरला पोहोचल्यावर आई माझ्या सासूला म्हणाली, "जरा तापट आहे आमची. सांभाळून घ्या." जाताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो आणि अजून राग येतो.

दुसऱ्यांदा आले ती बॅगसुद्धा न घेता. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि म्हटलं, मी उठणार नाही. परत पाठवायला या वेळी कुणी पुढे आलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून धीर झाला नसावा. आतली खोली मला 'सध्यापुरती' मिळाली. त्या सध्याला आता बारा वर्षं झाली. आई आणि मी या काळात दूधवाल्यापासून राजकारणापर्यंत सगळ्यावर भांडलो. त्या रिक्षावर एक शब्द नाही.

तर आता कळलं असेल. धाकटी धायरीच्या बाल्कनीत परत जाणार नव्हती. थोरलीही उपाशी राहणार नव्हती. दोघीही याच घरात राहतील, आणि ज्याला बघवत नसेल त्यानं बाणेरला बसावं. हे मी भावाला असंच सांगितलं, याच शब्दांत. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "मोठ्या भावाशी बोलायची ही पद्धत?" मी म्हटलं, हो.

मग मी पदर खोचून कामाला लागले. थोरलीला डॉक्टरांकडून भूक लागायचं औषध आणलं, ते मी तिला स्वतः माळ्यावर चढून पाजलं आणि बदल्यात हातभर ओरखडे घेतले. ती खायला लागली. मग फडकी. माझा जुना परकर फाडून चार तुकडे केले. धाकटीनं अंगाखाली घेतलेला तुकडा थोरलीच्या खुर्चीत ठेवला आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर तुकडा दोरीवर वाळत होता. साबण लावून धुतलेला.

"आई, हा धुतला का?"

"वास मारत होता."

"वासासाठीच ठेवला होता!"

"घरात वास ठेवतात का कुणी?"

दुसऱ्या दिवशी परत ठेवला, परत दोरीवर. तिसऱ्या वेळी तर त्याला नीळही दिलेली. मी कपाळावर हात मारून घेतला आणि खुर्चीवर कागद चिकटवला, 'धुऊ नये'. आईनं तो वाचला आणि म्हणाली, "मला वाचता येतं. मोठ्या अक्षरात लिहायची गरज नव्हती." पण तेव्हापासून तुकडा जागेवर राहिला. थोरलीनं आधी तो पंजानं खाली ढकलला. मग काही दिवसांनी नुसता हुंगला. मग एकदा त्याच्यावर तोंड वाकडं करून का होईना, बसली.

जिन्यात काकू भेटल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "मांजराला मांजर आवडत नाही हो. कशाला उगीच जबरदस्ती? अर्थात तुम्हाला सोबत हवीच असेल म्हणा." मी म्हटलं, "सोबत भरपूर आहे. तुम्हाला कमी पडत असेल तर सांगा, धायरीहून आणखी एक आणून देते." त्यानंतर काकू मला बघितलं की लिफ्टनं जायला लागल्या. आमच्याकडे लिफ्ट असून त्या आधी गुडघ्यांसाठी चांगलं म्हणून जिना चढायच्या.

बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण हा भाग रोज संध्याकाळी मी करायची. आत धाकटीची वाटी, बाहेर थोरलीची. आधी थोरली चार हात लांब उभी राहून गुरगुरायची आणि वाटी तशीच सोडून जायची. रोज वाटी बोटभर पुढे. महिना संपत आला तरी दार उघडण्याची हिंमत मला झाली नव्हती. भाऊ यायचा रविवार जवळ आला तशी माझी झोप उडाली. मी थोरलीला खुर्चीत गाठून चक्क विनवण्या केल्या, आणि ती जांभई देऊन उठून गेली.

त्याच आठवड्यात एक दिवस मी लवकर घरी आले, तर आतल्या खोलीच्या दारापाशी जमिनीवर लसणाची सालं पडलेली दिसली. आई लसूण सोलते ती नेहमी बाल्कनीत, उजेडात. दाराजवळ तिचं बुटकं स्टूलही होतं. दुसऱ्या दिवशी सालं नव्हती, पण शेवग्याच्या पानांच्या काड्या होत्या.

"तू दुपारी माझ्या दारात बसतेस?"

"निवडायला कुठेतरी बसायचंच ना."

"दार उघडतेस?"

"दार बंद करून वारा येतो का?" आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले, ओट्यापाशी उभी राहिले, आणि पाणी पिऊन परत आले.

रविवारी भाऊ आला. हातात ऑनलाइन मागवलेली नवी कोरी पेटी, तिच्यावरचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. धायरीच्या मुलीशी तो परस्पर बोलूनही आला होता. तिनं जागा आहे म्हणून सांगितलं होतं. बूट न काढता तो आतल्या खोलीकडे निघाला तशी मी दारात आडवी उभी राहिले.

"बाजूला हो. तमाशा नको."

"आधी बूट काढ."

"हे बघ, तुझ्या भल्यासाठीच..."

"माझ्या भल्यासाठी तू एकदा रिक्षा केली होतीस. पुरे झालं तेवढं. हे घर माझंही आहे. त्यात कोण राहील ते मीही ठरवीन." एवढं मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. मी मागची कडी काढली आणि दार सताड उघडलं. म्हटलं, जे व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे.

धाकटी पलंगाखालून बाहेर आली, तिच्या त्या उड्या मारत चालण्यानं. थोरली खुर्चीतून उतरली आणि सरळ तिच्याकडे गेली. उंबऱ्यावर दोघी थांबल्या. थोरली फिस्कारली आणि एक सणसणीत चापट धाकटीच्या तोंडावर. तीन पायांवरची धाकटी कोलमडली, एका कुशीवर पडली.

"बघितलंस?" भाऊ म्हणाला.

धाकटी उठली. पळाली नाही. तिथेच बसली आणि मारलेला गाल चाटायला लागली. थोरली तिच्याकडे काही वेळ बघत राहिली, मग पाठ फिरवून तिच्यापासून हातभर अंतरावर खाली बसली आणि शेपटी अंगाभोवती घेतली. मांजर ज्याच्याकडे पाठ करून बसतं त्याला ते भीत नाही, हे मला धायरीच्या मुलीनं सांगितलं होतं. भावाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं पेटीचं दार उघडलं.

"आई, तू सांग हिला," तो म्हणाला. "घर तुझ्या नावावर आहे. तू म्हणालीस तर ऐकेल ती."

आई तिच्या खोलीत पलंगावर बसून उघड्या दारातून आमच्याकडे बघत होती. गुडघ्यांवर हात ठेवून उठली, हळूहळू चालत आली आणि भावाच्या हातातून पेटी काढून घेतली. तिचं दार दोनदा उघडमीट करून बघितलं.

"चांगली आहे," ती म्हणाली. "इथेच राहू दे. डॉक्टरकडे न्यायला होईल."

"आई!"

"परत पोहोचवून काय होतं ते मी एकदा बघितलंय." ती भावाकडेच बघत होती. "मला आता जमायचं नाही ते. चहा घेणार असशील तर बूट काढ."

त्यानं चहा घेतला नाही. दारापर्यंत जाऊन काहीतरी बोलायला वळला, पण आई पेटीवरचं लेबल नखानं काढत बसली होती. तो जिना उतरून गेल्याचा आवाज आला.

लोकांना वाटेल मला रडू आलं असेल. मला राग आला. बारा वर्षं आम्ही एका छताखाली काढली, आणि हे वाक्य तिनं काढलं ते मांजराच्या निमित्तानं, तेही माझ्याकडे न बघता. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"हे मला का नाही सांगितलंस कधी?"

आईनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते आणि आवाज नेहमीसारखाच कोरडा.

"आधी दार लाव," ती म्हणाली. "बाहेर जातील पोरी."

मी दार लावलं.